गाईड असला तरी हे तुम्हालाच करायचंय: पानगळीच्या दिवसांत उंच डोंगरातला एक दिवसाचा वॉक

गाईडबरोबर एक दिवसाचा वॉक बुक केला की बरेच जण तिथेच थांबतात, आता गाईड आहे ना, तो बघेल. गाईड वाट दाखवतो, वेग ठरवतो, ढग बघून परत फिरवतो, हे सगळं खरंय. पण तुमचा गुडघा उतारावर दुखतो, रात्री तीनच तास झोप झालीये, आतला टीशर्ट घामाने भिजलाय, हे त्याला बाहेरून दिसत नाही. आणि पानगळीच्या दिवसांत याच गोष्टी महागात पडतात कारण दिवस लहान असतो, सावलीत दिवसभर गारठा असतो आणि चुकलेलं सावरायला वेळ उरत नाही. उन्हाळ्यात तासभर उशीर झाला तर चालून जातो, आता तोच तास अंधारात उतरावा लागतो.

खालच्या स्टेप्स ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा, बहुतेक गोंधळ क्रम उलटा केल्यामुळेच होतो, म्हणजे आधी जॅकेट विकत घेतलं जातं आणि मग रूट किती लांब आहे ते विचारलं जातं.

१. पैसे भरायच्या आधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न अंतराचा नको. एकूण चढ किती मीटर आणि सगळ्यात उंच पॉइंट किती मीटरवर, हे आधी विचारा. दहा किलोमीटर सपाट पठारावर चालणं आणि दहा किलोमीटरमध्ये हजार मीटर चढणं यांचा काही संबंधच नाही, तरी लोक किलोमीटर ऐकून हो म्हणतात.

मग ग्रुप किती जणांचा, पुढे गाईड असेल तर शेवटी कोण चालणार, नेटवर्क नसेल तिथे संपर्काची काय सोय आहे, हवामान बिघडलं तर दुसरा खालचा रूट ठरलेला आहे का. शेवटच्या प्रश्नाला "तेव्हा बघू" असं उत्तर आलं तर मी तरी तिथे बुक करणार नाही. चांगल्या गाईडकडे बी प्लॅन आधीपासून तयार असतो आणि तो सांगायला त्याला आवडतंसुद्धा.

गाईडचं सर्टिफिकेट विचारायला लाजू नका. दोर न लागणाऱ्या डोंगरी वाटांसाठी यूआयएमएलएचा (माउंटन लीडर्सची आंतरराष्ट्रीय संघटना) इंटरनॅशनल माउंटन लीडर पुरेसा असतो, हिमनदी किंवा दोर लावून चढायचा कातळ असेल तर मात्र आयएफएमजीएचा (माउंटन गाईड संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) गाईड लागतो. दोन्ही वेगळी कामं आहेत.

इन्शुरन्सचे कागद याच वेळी वाचा, बुकिंगनंतर नाही. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते, त्याच्या वर काही झालं तर क्लेम बसत नाही, आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू धरलेला आहे की नाही ते वेगळं बघावं लागतं.

तपासा: सीझन संपत आल्यावर डोंगरातल्या हट (राहण्या-खाण्याच्या झोपड्या), कॅफे, रोपवे एकेक करून बंद होत जातात, आल्प्समध्ये बऱ्याच हट सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये बंद होतात. वाटेत पाणी, टॉयलेट, गरम काही मिळणार आहे हे उन्हाळ्यात गेलेल्या कुणीतरी सांगितलं असेल तर ते परत एकदा गाईडकडून कन्फर्म करून घ्या.

२. सूर्यास्तापासून उलटं गणित मांडा

ही स्टेप सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. लोक सकाळी किती वाजता निघायचं इथून सुरुवात करतात. सुरुवात सूर्यास्तापासून करायची आणि मागे मागे यायचं.

अंदाजासाठी नेस्मिथचा नियम चांगला आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला, ताशी ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त द्या. पण हा सराव असलेल्या माणसाचा न थांबता चालण्याचा वेळ आहे. मिक्स ग्रुपसाठी मी त्याची दीडपट करते आणि वर तासभर ब्रेकचा धरते.

आता उदाहरण बघा. १२ किलोमीटरचा रूट, वर जाऊन त्याच वाटेने परत, चढ ८०० मीटर. नेस्मिथने येतात ३ तास ४४ मिनिटं. दीडपट केली की साधारण साडेपाच तास, ब्रेक धरून साडेसहा. सूर्यास्त संध्याकाळी ६ ला आहे समजा. दीड तास हातचा ठेवायचा म्हणजे ४:३० ला खाली पोचलेलं असायला हवं, तिथून साडेसहा तास मागे गेलं की सकाळचे १० येतात. म्हणजे १० ही निघायची शेवटची वेळ झाली. प्लॅन ८:३० चा करा, मग कुणाची लेस तुटली, कुणी टॉयलेटला गेलं तरी दिवस हातातून जात नाही.

याच गणितातून दुसरा आकडा काढा, परत फिरायची वेळ. उतरायला सव्वादोन तास धरले तर ४:३० मधून ते वजा करून दुपारचे २:१५. टॉप समोर दिसत असला तरी २:१५ ला वळायचं. ही वेळ गाईडला सकाळीच विचारा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून घ्या, कारण एकदा टॉप दिसायला लागला की "अजून फक्त वीस मिनिटं" म्हणणारे नेहमी निघतात आणि तेव्हा गाईडलाही नाही म्हणणं जड जातं.

इशारा: या सीझनमध्ये दिवस भराभर लहान होत जातो. ४५ अंश अक्षांशाच्या आसपास सप्टेंबरच्या शेवटी रोज साधारण तीन मिनिटं उजेड कमी होतो, म्हणजे महिन्याभरात दीड तास गेला. युरोपात तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्या दिवसापासून घड्याळाप्रमाणे सूर्यास्त अचानक तासभर लवकर होतो, त्या आठवड्यात जाणाऱ्यांनी जुनी वेळ डोक्यात धरू नये. दक्षिण गोलार्धात हाच सीझन मार्च ते मे असतो.

सूर्यास्ताची वेळही सपाट जमिनीची असते. तुमची वाट पूर्वेकडच्या उतारावर असेल तर मागची धार सूर्याला खूप आधीच झाकते आणि ऊन गेलं की पंधरा मिनिटांत हुडहुडी भरते.

३. उंचीचा विचार, विशेषतः आदल्या रात्रीचा

टॉप २५०० मीटरच्या खाली असेल तर ही स्टेप पटकन वाचून पुढे जा. त्याच्या वर असेल तर जरा थांबा. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. आदल्या दिवशी समुद्रसपाटीवरून गाडीने वर आलात आणि सकाळी लगेच चढायला लागलात तर डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे होऊ शकतं, आणि ते बहुतेक वेळा सहा ते बारा तासांनी सुरू होतं. म्हणून सकाळी एकदम फ्रेश वाटणं हा पुरावा नाही. जमलं तर मधल्या उंचीवर एक-दोन रात्री काढा. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असेल, प्रेग्नन्सी असेल किंवा अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचा विचार असेल तर ते डॉक्टरांशी बोलून, कुणाच्या सल्ल्याने दुकानातून आणून नाही.

४. सॅक भरणं

खाली १० अंश आहे म्हणून हलकं जॅकेट घेतलं, ही नेहमीची गोष्ट. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे ८०० मीटर वर ५ अंश झाले. धारेवर ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या चेहऱ्याला तेच उणे १ सारखं लागतं. म्हणजे एकाच दिवशी तुम्हाला टीशर्टही लागणार आहे आणि टोपी-हातमोजेही.

अंगावर कॉटन नको, जीन्स तर अजिबातच नको. कॉटन घाम धरून ठेवतं आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. आत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा टीशर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जॅकेट. सॅकमध्ये थांबल्यावर घालायला एक पफर जॅकेट वेगळं, ते चालताना घालायचंच नाही. एक कोरडा टीशर्ट आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. सॅकचं रेनकव्हर वाऱ्यात उडतं म्हणून आत मोठी पिशवी घालून त्यात सगळं भरलं तर जास्त खात्रीचं.

हेडलॅम्प प्रत्येकाकडे स्वतःचा हवा. तुमचा वॉक ४:३० ला संपणार असला तरी हवा. मोबाईलच्या टॉर्चवर अवलंबून राहू नका, एक हात अडकतो आणि थंडीत बॅटरी पटापट उतरते. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करा, फ्लाइट मोड लावा.

पाणी दोन लिटर धरून चाला. थंडीत तहान जाणवत नाही म्हणून लोक अर्धी बाटली भरलेलीच परत आणतात आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात, ते पाणी कमी पडल्यामुळे आहे की उंचीमुळे हेही मग कळत नाही. नळीवाली पाण्याची पिशवी असेल तर प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकला, नाहीतर गारठ्यात नळी गोठते. खायला असं काहीतरी घ्या जे हातमोजे न काढता उघडता येईल आणि थंडीत दगडासारखं होणार नाही.

गॉगल आणि सनस्क्रीन पण टाका. उंची हजार मीटर वाढली की अतिनील किरणं साधारण १० टक्के वाढतात. सकाळी दरीत दाट धुकं बघून लोक गॉगल खोलीवरच ठेवतात, आणि पाचशे मीटर वर गेलं की धुकं पायाखाली आणि डोक्यावर लख्ख ऊन, या दिवसांत असं वारंवार होतं कारण थंड हवा रात्री दरीत साचून बसते.

बाकी शिट्टी, फॉइलचं ब्लँकेट, फोडांसाठी टेप, तुमची रोजची औषधं. शिकारीचा सीझन चालू असलेल्या भागात जाणार असाल तर भडक नारिंगी काहीतरी अंगावर किंवा सॅकवर हवंच.

तपासा: बूट नवे असतील तर या वॉकला घालू नका. जुने असतील तर सोल दोन्ही हातांनी ओढून बघा, वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बुटांचं सोल मधल्या वाटेवर सुटतं.

५. आदली रात्र आणि सकाळ

हवामानाचा अंदाज गावाचा नको, डोंगराच्या उंचीचा बघा, आणि पाऊस आहे की नाही एवढंच न बघता वारा किती आणि शून्य अंशाची पातळी किती मीटरवर आहे हे बघा. शून्याची पातळी तुमच्या टॉपच्या खाली असेल तर पाऊस वर बर्फ होऊन पडणार. आणि रात्री पाऊस पडून पहाटे आभाळ मोकळं झालं असेल तर सकाळी कातळावर, लाकडी पुलांवर, पायऱ्यांवर पारदर्शक बर्फाचा थर असतो जो दिसतच नाही, फक्त ओलं वाटतं.

मागे राहणाऱ्या कुणाला तरी रूटचं नाव, गाईडचा नंबर आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं" हे मेसेज करून ठेवा. नाश्ता करून निघा.

६. गाईडबरोबरची पहिली दहा मिनिटं

इथे खरं बोलायचं. दमा, डायबिटीस, उंचीची भीती, जुनं ऑपरेशन, कुठली गोळी चालू आहे, शेवटचं कधी चाललात आणि किती. चारचौघांत बोलायचं नसेल तर बाजूला घेऊन बोला. हे सांगितल्यावर गाईड तुम्हाला परत पाठवेल ही भीती अनाठायी आहे, बहुतेक वेळा तो तुमची जागा बदलतो, वेग बदलतो, एखादा अवघड ट्रॅव्हर्स (उतारावरून आडवं जाणं) टाळून दुसरीकडून नेतो. जे त्याला माहीत नाही त्याच्यावर तो काही करू शकत नाही.

इन्हेलर, ग्लुकोज कुठल्या कप्प्यात आहे ते अजून एकाला दाखवून ठेवा.

७. चढ

निघताना थोडं थंडच वाटलं पाहिजे. गाडीजवळ उबदार वाटेल इतके कपडे घालून निघालात तर पंधरा मिनिटांत घामाने भिजणार, आणि तोच घाम वर धारेवर बर्फासारखा होणार. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनी गाईड बहुतेक वेळा थांबतोच, तो थांबला नाही तर तुम्ही सांगा, एक लेयर काढायचाय. लोक ग्रुपला थांबवायला संकोचतात आणि भिजत राहतात, तो संकोच पूर्णपणे बाजूला ठेवा.

वेग असा हवा की पूर्ण वाक्य बोलता येईल. एका वेळी दोनच शब्द निघत असतील तर वेग जास्त आहे, आणि हे मागच्या माणसाने पुढे ओरडून सांगायचं. सगळ्यात हळू चालणारा गाईडच्या मागे लगेच, शेवटी नाही. शेवटी ठेवलेला माणूस कायम पळतच असतो, तो पोचेपर्यंत बाकीच्यांचा ब्रेक संपलेला असतो आणि त्याला ब्रेक मिळतच नाही, मग दुपारी तोच बसतो आणि लोक म्हणतात त्याचा स्टॅमिना कमी.

ट्रेकिंग पोल असेल तर चढाला थोडा आखूड करा, कोपर काटकोनात येईल इतपत. पुलाच्या फळ्या, मुळं, कातळ सावलीत असतील तर आधी पायाने चाचपून मग वजन टाका. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारावर गोठलेलं दहिवर दिवसभर तसंच राहतं, दक्षिण गोलार्धात हे बरोबर उलट, दक्षिणेकडचा उतार गोठलेला असतो. वाट वळली की लगेच लक्ष द्या, उन्हातली कोरडी वाट आणि पुढच्या वळणावरची बर्फाळ वाट यात दहा पावलांचं अंतर असतं.

तपासा: दर तासाला घड्याळ बघा आणि गाईडला विचारा, आपण वेळेत आहोत का. हा प्रश्न गाईडला आगाऊपणाचा वाटत नाही.

८. वर पोचल्यावर

आधी कपडे, मग फोटो. टॉपवर पोचताच, घाम गार व्हायच्या आत, पफर आणि टोपी चढवा, टीशर्ट ओला असेल तर दगडाच्या आडोशाला बदला. बहुतेक जण दहा मिनिटं फोटो काढतात, मग कुडकुडायला लागतात आणि तेव्हा बोटं इतकी बधिर झालेली असतात की झिप लागत नाही. वाऱ्याच्या धारेवर जेवायला बसू नका, वीस-तीस मीटर खाली उतरलं तरी फरक पडतो. ब्रेक छोटा ठेवा.

वीज चमकून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब धार सोडून खाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर परत यायचं नाही.

९. उतार, जिथे सगळ्यात जास्त पाय घसरतात

पाय दमलेले, डोकं घरी पोचलेलं, आणि सूर्य तिरका होऊन डोळ्यात. उतरायला लागण्याआधी बुटाच्या लेस परत बांधा, घोट्याजवळ घट्ट, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. पोल थोडा लांब करा. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, वजन पायाच्या बरोबर वर. घाबरून मागे रेललं की टाच सटकते आणि माणूस पाठीवर पडतो, घसाऱ्यावर तर हमखास.

पडलेली पानं दिसायला सुंदर असतात पण त्यांच्याखाली ओली मुळं, सुटे दगड, खड्डे सगळं झाकलेलं असतं. ओल्या पानांच्या थरावर तिरकं चालू नका, पाय सपाट ठेवा आणि जिथे गाईडने ठेवला तिथेच ठेवा. घसाऱ्यावर एकमेकांच्या बरोबर वर-खाली राहू नका, दगड सुटला तर "दगड!" म्हणून मोठ्याने ओरडायचं, कुणालाही लागणार नाही असं वाटलं तरी.

इशारा: उतारावर ग्रुप लांबतो, पुढचे जोरात सुटतात. वाट फुटते त्या प्रत्येक ठिकाणी सगळे येईपर्यंत थांबायचं, हा नियम सकाळीच ठरवून घ्या.

उजेड कमी व्हायला लागला की हेडलॅम्प लगेच काढून डोक्याला लावा, पूर्ण अंधार पडल्यावर सॅकमध्ये चाचपडत बसू नका.

१०. काही बिघडलं तर

कुणी अडखळायला लागलं, बोलणं जड झालं, उगाच चिडचिड करायला लागलं, अंगठा करंगळीला टेकवता येत नाहीये, तर तो नुसता दमलेला नाही, त्याचं शरीर थंड पडतंय. गाईडला लगेच हाक मारा, ओले कपडे काढून कोरडे घाला, जमिनीपासून वेगळं करायला खाली सॅक, वाऱ्यापासून आडोसा, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम प्यायला. दारू अजिबात नाही, अंग चोळायचंही नाही.

बसल्या जागी धाप लागत असेल किंवा सरळ रेषेत एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत चालता येत नसेल आणि तुम्ही २५०० मीटरच्या वर असाल, तर वाट न बघता खाली उतरायचं.

मदत मागायची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबून परत सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. उत्तर आलं तरी तुमची खूण थांबवू नका, शोधणारे आवाजाच्या दिशेने येत असतात. इमर्जन्सी नंबर आधीच सेव्ह करा, युरोपात आणि भारतात ११२ चालतो. आणि गाईडलाच काही झालं तर? म्हणून ऑफलाइन मॅप अजून किमान एकाकडे हवा आणि आपण आत्ता मॅपवर कुठे आहोत ते त्याने अधूनमधून बघत राहायचं.

११. खाली पोचल्यावर

आधी कोरडे कपडे आणि खाणं-पिणं, मग गाडी चालवणं. घरी "पोचलो" मेसेज विसरू नका, रात्री उगाच शोध सुरू होतो. उंचावर झोपणार असाल तर संध्याकाळची डोकेदुखी गोळी घेऊन दाबून टाकू नका, आधी गाईडला सांगा, वाढत गेली तर रात्रीच खाली उतरायला लागेल. बूट हीटरला टेकवून वाळवू नका, सोल सुटतं, आतलं इनसोल काढा, कागद कोंबा आणि सावलीत ठेवा. हेडलॅम्पची बॅटरी चार्जला लावा.